पट्टा तुटला नव्हता, मोठी आई

प्रिय मोठी आई,

काल तुझी तेरवी आटोपली. पाहुणे आपापल्या गावी गेले, अंगणातला मांडव सुटला, आणि आज दुपारी मी तुझ्याच खाटेवर बसून तुला लिहिते आहे. काहून म्हणशील, तर उद्या मला कंपनीच्या मोठ्या लोकांपुढे एक गोष्ट सांगायची आहे आणि माझी जीभ वळेल असं वाटत नाही. म्हणून आधी तुला सांगून पाहते.

पण तूही कमाल केलीस हं! जायचंच होतं तर रविवार पाहून गेली असतीस. बुधवारी, भरल्या शिफ्टमध्ये, कंटेनर भरायचा असताना कायले गेलीस?

चौकीदार आत येऊन तू गेल्याचं सांगून गेला. मी पॅकिंगच्या बायांना सांगितलं. कोणी रडलं नाही, कोणी मला विचारलंही नाही. साऱ्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि डोक्याच्या टोप्या काढल्या. पट्टा चालूच होता, त्यावरून तांदळाची पाकिटं सरकत होती. वानखेडे साहेब, आमचे मॅनेजर, त्या दिवशी नागपूरला होते. त्यांना फोन लावला, लागला नाही. शिफ्ट माझ्या हाताखाली. मग बटण मीच दाबलं आणि आम्ही सगळ्या आपल्या गावाच्या, एकोडीच्या वाटेला लागलो.

दुसरं काय करणार होतो? मयत उचलेपर्यंत मोहल्ल्यात चूल पेटत नाही, तिथं तांदूळ कोण भरत बसेल? त्यातून या साऱ्या तुझ्याच रोवण्याच्या टोळीत चिखलात वाकायला शिकलेल्या. गावात कोणी गेलं की तू धानाच्या अर्ध्या रोवलेल्या बांधीतून टोळी बाहेर काढायचीस. शेतमालक ओरडायचा, रोपं सुकतील म्हणून. तू पदर खोचत म्हणायचीस, "धान उद्या रोवता येते भाऊ. माणूस उद्या उचलता येत नाही." आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सगळ्यांना घेऊन त्याच बांधीत हजर! राहिलेलं पुरं करून द्यायचीस आणि वरून मालकाच्याच बायकोकडून चहा उकळायचीस.

आता अडचण ऐक. आमच्या कंपनीत मरणाची सुट्टी आई, बाप, नवरा-बायको, लेकरं आणि सख्खी भावंडं एवढ्यांसाठीच आहे. त्या हिशोबानं तू तर माझीही कोणी लागत नाहीस. बाबांच्या मोठ्या भावाची बायको! माझी आई गेल्यावर मला वाढवलंस, ते मी कुठे सांगू? बाकीच्या बाया तर नुसत्या शेजारणी.

वानखेडे साहेब माणूस वाईट नाहीत. त्यांनी आम्हाला वाचवायला वर कळवून टाकलं की पॅकिंगचा पट्टा तुटला म्हणून काम थांबलं. मला म्हणाले, "त्या लोकायले मशीन तुटलेली समजते. माणूस मेलेला समजत नाही. तुम्ही फक्त मान हलवा."

मी मान हलवली नाही, पण बोललेही नाही. तुझ्या तेराव्यापर्यंत कशातच लक्ष नव्हतं. मात्र तेव्हापासून एक गोष्ट खुपते आहे. तू गेलीस आणि कंपनीत सांगितलं काय, तर पट्टा तुटला. एवढंच का गं तुझं मरण?

तेही मी गिळलं असतं. पण खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात ना, इथं तो सुरेशच्या कपाळी बसतो आहे. कोंढ्याचा सुरेश, आमचा मेकॅनिक. नवा होता तेव्हा महिनाभर तुझ्याच घरी जेवायचा तो. नवा पट्टा तुटला कसा, त्याच्याकडे लक्ष कोणाचं होतं, हे आता विचारणार आहेत. उद्या दुपारी हॉलंडच्या ऑफिसातल्या इंग्रिड मॅडमचा व्हिडिओ कॉल त्यासाठीच आहे. मी सुरेशला म्हटलं, मी खरं सांगते. तर म्हणाला, "राहू द्या ताई. मोठ्या आईसाठी येवढं तं करतो."

खरं बोलले तर बायांचं काम जाईल. यांना बारमाही काम पहिल्यांदा मिळालंय. त्यांच्यातली कमल म्हणते, रविवारी येऊन बुडालेलं काम भरून देतो. शिकवण तुझीच! पण फुकट काम करून घेणं आमच्या कंपनीत गुन्हा आहे. हा नियम इंग्रिड मॅडमनीच कडक केला, आणि नियम चांगलाच आहे. आता चांगल्या माणसांच्या चांगल्या नियमांत आम्ही अडकलो, तर भांडायचं कोणाशी?

तुला आठवतात ना त्या मॅडम? हॉलंडहून धानाची शेतं पाहायला आल्या होत्या आणि तू त्यांना याच खाटेवर बसवून वांग्याची भाजी वाढली होतीस. वर विचारलंस, "बाई, तुमच्या गावात माणूस मेला तं कोण कोण येते?" मी इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, ज्यांना बोलावतात ते येतात. तू डोळे मोठे केलेस. "मरणाले बोलावणं?" हे काही मी त्यांना सांगितलं नाही, पण तुझा चेहरा पाहून त्यांना कळलं असावं. मग त्या आपणहून बोलल्या. त्यांचे वडील गेले तेव्हा मातीला आठवड्यावर वेळ होता, आणि तोवर त्या रोज ऑफिसला जात होत्या. घरी थांब असं कोणी म्हटलंच नाही. तू ड्रायव्हर हॉर्न वाजवेपर्यंत त्यांचा हात धरून बसलीस, आणि त्यांनीही तो काढून घेतला नाही.

म्हणून त्या लोकांना माणूस मेलेला समजत नाही, हे साहेबांचं म्हणणं मला पटत नाही. पण भरवसा तरी कुठे आहे? हात धरू दिला म्हणून नोकरी ठेवतीलच असं थोडंच आहे! मले भेव लागून राहिला, मोठी आई. तू असतीस तर नुसती पाठीवर थाप मारून "जा नं, बोल" म्हणाली असतीस.

तर बोलते. तुला वचन देते. उद्या सगळ्यांआधी सांगेन की पट्टा धड होता, सुरेशचा काही दोष नाही. बटण मी दाबलं, बायांना मी नेलं. काढायचं तर मला काढा, बायांना हात लावू नका. रविवार भरून द्यायला त्या तयार आहेत, मजुरी तुमच्या नियमानं द्या. इंग्रजी अडलं तर मराठीत बोलेन, पण खाली बसणार नाही.

आणि मॅडमनी विचारलं, वारलं कोण, तर सांगेन, तुमचा हात धरून बसली होती, ती. तुम्हाला बोलावणं पाठवलं नाही, कारण आमच्याकडे मरणाचं बोलावणं नसतं.

तुझ्या टोळीतली,
वैशू