सुमनबाईंनी वाढलेलं ताट

किनवट, सोमवार

प्रिय आईस, एस्तेरचा प्रेमाचा सलाम.

वसतिगृहातल्या आजारी मुली आता बऱ्या झाल्या. मीही बरी आहे, काळजी करू नकोस. देवावर प्रेम म्हणजे स्वतःला विसरणं, असं वाटून आठवडाभर मुलींच्या उशाशीच बसले. जेवण राहून जायचं. परवा भोवळ आली. स्वयंपाकाच्या सुमनबाईंनी मला धरून बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं.

"ताई, शेजाऱ्यावर सोतावानी माया करा, असं तुमचा देव सांगतो न्हवं? मंग सोताला उपाशी ठेवून राहिल्या, आमाला बी तसंच ठेवता का?"

मुली खो खो हसल्या. मी दोन भाकरी खाल्ल्या. त्या दिवशी प्रार्थनेत मुलींच्या नावांनंतर पहिल्यांदाच माझंही नाव घेतलं.

बाबांचा गुडघा कसा आहे? आणि त्यांचं करताना तू वेळेवर जेवतेस ना?

तुझीच,
एस्तेर