धुराला वाटा नाही

मी, केसरबाई साहेबराव दांडगे, वय एकसष्ट, राहणार चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. दम छातीला लागतो, डोक्याला नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर माझ्या शिवणकामाच्या कमाईतले व माझ्याच नावावर आहे. माझ्यामागे पती साहेबराव यांना तिथे हयातभर राहण्याचा हक्क राहील. वाळूजच्या कारखान्यातून ते वेळेवर निवृत्त झाले. सिगारेटमधून निवृत्त व्हायला मात्र माझे आजारपण लागले.

ते असे. जेवण झाले की साहेबराव माझ्या मशीनशेजारी खुर्ची टाकून सिगारेट ओढत. संसारभर हेच. जवळ येऊन बसतात, याचेच मला कौतुक. मग एके दिवशी जिना चढताना मी मध्येच बसले. दवाखान्यात डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावले आणि विचारले, "मावशी, सिगारेट किती ओढता?"

"मी नाय ओढत."

"मी ओढतो," साहेबराव म्हणाले, "पण खिडकीकडं तोंड करून."

डॉक्टरांनी समजावले, की धुराने श्वासनळ्या आतून सुजतात. रोजच धूर, म्हणून सूज उतरायला सवडच मिळत नाही. नळ्या अरुंद होतात, फुप्फुसातले बारीक फुगे फाटतात, ते पुन्हा भरून येत नाहीत. ओढणाऱ्याचे हे होते, तसे शेजारी बसणाऱ्याचेही होऊ शकते. साहेबरावांच्या तपासणीत फारसे काही निघाले नाही. "लई नशीबवान तुम्ही," मी म्हणाले. ते बाहेर जाऊन रडले आणि खिसा रिकामा करून आले. तेव्हापासून सिगारेटला हात लावलेला नाही. हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

२. शिलाई मशीन सून अमृता हिला. सोन्याची पोत तिच्या येणाऱ्या बाळाला, मुलगा असो की मुलगी. ऑक्सिजनचे मशीन गरजूला द्यावे, भाडे घेऊ नये. साहेबरावांचा ॲशट्रे मी भंगारात दिला आहे, शोधत बसू नये.

३. साहेबरावांनंतर घर मुलगा संघपाल याचे. अट एकच: घरात, जिन्यात, गच्चीवर कुणीही सिगारेट ओढायची नाही. संघपाल "रेंज नाय" म्हणून गच्चीवर जातो, तेव्हा त्याचा फोन खाली वाजत असतो.

वकील काकासाहेब म्हणाले, "बाई, ही अट कोर्टात टिकायची नाय."

"कोर्टात नको. घरात टिकली म्हंजे झालं."

मसुदा वाचला तेव्हा संघपाल समोरच होता. तो हसला, आणि हसता हसता त्याला जो खोकला लागला, तो थांबेचना. अमृताने पाणी दिले. साहेबरावांनी मान खाली घातली. खोकला उतरल्यावर संघपाल म्हणाला, "आई, त्या डॉक्टरची वेळ घे. माझ्यासाठी."

वेळ मंगळवारची मिळाली आहे. सोबत मी स्वतः जाणार आहे. तरी तोवर हे मृत्युपत्र कुणी अमलात आणण्याची घाई करू नये.

सही: केसरबाई साहेबराव दांडगे

आमच्यासमोर सही केली:
सत्यभामा अप्पाराव निकाळजे, शेजारीण
वैजनाथ जोशी, साहेबरावांचे कारखान्यातले सोबती

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ जानेवारी २०२५