पुढच्या ब्रेकची तार

४ जानेवारी

चि. धाकटोबास अ. उ. आ.

परवा अण्णा स्कूटर घेऊन ब्रेड आणायला गेले आणि संध्याकाळी पेट्रोल पंपावरच्या माणसाबरोबर परत आले. स्वतःच्याच विकलेल्या गॅरेजच्या दारात गाडी लावून, आपलं कुलूप कोणी बदललं म्हणून भांडत होते. आता तिथे चष्म्याचं दुकान आहे. दुकानदाराने तेवढ्यात त्यांना एक फ्रेमही दाखवली म्हणे.

डॉक्टर म्हणाले, गाडी बंद करा. मी म्हटलं, तुम्हीच सांगा त्यांना. तर त्यांना लगेच पुढचा पेशंट आठवला. मी सांगून पाहिलं, तर अण्णांनी जेवण सोडलं. किल्ली लपवली, तर वायरी जोडून गाडी सुरू केली. पुढच्या वेळी त्यांना आणून सोडणारं कोणी भेटेलच असं नाही. तुला सल्ल्यांची हौस फार, तर एखादा कामाचा दे.

लोभ आहेच, तो वाढवण्यापेक्षा अक्कल पाठव.

तुझी ताई

११ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

अक्कल पाठवतो आहे, पुरवून वापर. पुढच्या ब्रेकची तारच काढून ठेव. मुठीजवळचं आणि चाकाजवळचं टोक सोडव आणि कवचासकट खालून ओढून घे. पुढचा ब्रेक नसलेली गाडी अण्णांनी कधी गॅरेजबाहेर जाऊ दिली नाही. वरातीच्या घाईतल्या नवरदेवालाही बाकावर बसवून ठेवला होता, आठवतं ना? बाकी सगळं विसरतील, हे नाही विसरायचे.

मी आलोच असतो, पण रजेचं नाव काढलं की साहेबांना माझं महत्त्व पटतं.

राग नसावा, असलाच तर पत्रातून यावा.

तुझा धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकटोबास अ. उ. आ.

तुझी युक्ती जरा जास्तच लागू पडली. अण्णा सकाळी गाडीपाशी जातात, तार नाही हे बघतात आणि ती काढणाऱ्या गाढवाचा उद्धार करतात. मी मान डोलावते. गाढव कोण ते मला ठाऊक आहे.

मग खोक्यातून तार काढून बसवायला घेतात. दोरा बांधून पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळीतून खाली उतरवतात. ती बाहेर येते तिथे पत्र्याची कड कवच खाते, म्हणून रबरी नळीचा तुकडा चढवतात. शेवटी हँडलवर भार टाकून गाडी खाली दाबतात. दाबल्यावर तार ताणली गेली, तर रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात ब्रेक आपोआप लागेल, असं मला रोज नव्याने सांगतात. जेवून झोपले की मी सगळं उपसून परत खोक्यात ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच गाढव, तोच उद्धार.

फसवते आहे, पण इतके खुशीत त्यांना मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. एकदा येऊन बघ तरी.

तुझी ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुमचा कारखाना जोरात चालला आहे, तोवर मी कशाला लुडबुडू? मार्चअखेर झाली की नक्की येतो. अण्णांना सांग, गाढवाने नमस्कार सांगितला आहे.

तुझा धाकटा

६ मार्च

चि. धाकटोबास अ. उ. आ.

गेल्या आठवड्यात एकदा अण्णा तार हातात घेऊन बराच वेळ बसून होते. मग मला विचारलं, की हे काय आहे आणि कुठून आलं. मी दोरा हातात दिला, रबरी नळी दाखवली. त्यांनी नळी फुंकून पाहिली आणि मला परत दिली.

शेवटी मीच बसवली. रोज बघून पाठ झालं होतं. ते बाकावर बसून बघत होते. मी हँडल दाबून पाहिलं, तेव्हा म्हणाले, की हात चांगला आहे बाई तुमचा, कोणाकडे शिकलात? मी म्हटलं, होते एक, फार तिरसट होते. त्यावर म्हणाले, की अशा कामाला तिरसटच माणूस लागतो.

बाई म्हणाले मला. तुला काय म्हणतील, ते येऊन ऐकून जा.

तार आता मी काढत नाही. गाडी दारात उभी आहे, ब्रेक अगदी उत्तम लागतो. किल्लीही तिलाच लावलेली असते.

तुझी ताई