उंबरठ्याबाहेर बोलायच्या गोष्टी

रविवार, २७ मार्च १९८८
झावळ्यांचा रविवार, नापोली

प्रभुकृपेने सुखरूप पोहोचलो. गाडीत एका वृद्ध खलाशाने सोललेले संत्रे पुढे केले आणि उत्तरेकडची माणसे फळसुद्धा दाखला पाहून घेतात, असे म्हणून मनसोक्त हसला. मीही हसलो. प्रवासाचा आरंभ हास्याने व्हावा, ही शुभ गोष्ट आहे.

ईस्टरची सुट्टी या शहरात घालवण्याचे ठरल्यापासून घरात निवासाचा वाद चालू होता. कन्या फोस्काला हॉटेल हवे होते, कारण तिला सुट्टीत भांडी नकोत. जावई तुल्लियोला गुडघ्यामुळे जिना नको. नात ऑर्सोलाला समुद्र दिसणारी खिडकी हवी. माझे म्हणणे एवढेच, की सणाचे कोकरू आपल्या हाताने, आपल्या चुलीवर शिजावे. परक्याच्या टेबलावर सण होत नाही. अखेर फोस्का म्हणाली, बाबा, मग तुम्हीच पुढे जा आणि तुम्हीच निवडा, नंतर कुरकूर केलीत तर मात्र ऐकून घेणार नाही. म्हणून हा एक आठवडा मी एकटा. ती तिघे शनिवारी सकाळी येतील.

तूर्त सानिता वस्तीतील हे घर परीक्षेसाठी घेतले आहे. तिसरा मजला, पण प्रकाश असा, की स्वयंपाकघरातील तांब्याची पातेली दिवसभर दिव्यांसारखी उजळलेली असतात. लांब टेबल, वेताच्या खुर्च्या, आणि खिडकीशी हिरव्या उशीची एक हातांची खुर्ची. आतल्या खोलीत ऑर्सोलासाठी लहानशी खाट.

घरमालकीण सिन्योरा नुन्झिया थोराड आणि मोकळ्या स्वभावाच्या आहेत. कुलूप उघडून आत पाऊल टाकताच त्यांनी रिकाम्या स्वयंपाकघराकडे पाहून मान लववली आणि नमस्कार केला. आत कोणी आहे काय, असे विचारता म्हणाल्या, अहो प्रोफेसर, घरात शिरताना घराला नमस्कार करायला पैसे पडतात का? बाईंचा मुद्दा बिनतोड होता.

एक मात्र खटकले. निघताना किल्ली कोणाकडे द्यायची, असे मी विचारताच बाईंनी कणकेने भरलेला हात चक्क माझ्या तोंडावर ठेवला, मला जिन्यात ओढले आणि तेथे अगदी शांतपणे सांगितले, की किल्ली माझ्याकडेच द्या. असल्या गोष्टी उंबरठ्याबाहेर बोलायच्या असतात, म्हणे. कर चुकवणाऱ्या माणसांना भिंतींची भीती वाटते. बाईंच्या व्यवहारावर लक्ष ठेवले पाहिजे.

आज आशीर्वादित झालेली ऑलिव्हची डहाळी दारावर खोवली आहे. लिहिताना माझे ओठ हलतात; आजोबा कागदाला घास भरवतात, असे ऑर्सोला म्हणते. आज घास गोड आहे.

सोमवार, २८ मार्च

सकाळी अन्य दोन ठिकाणे पाहिली. स्टेशनजवळच्या हॉटेलात खाटा अशा मांडल्या आहेत, की निजणाऱ्याचे पाय दाराकडे यावेत. आमच्याकडे पाय दाराकडे करून फक्त प्रेत ठेवतात. तुल्लियो याला माझी अंधश्रद्धा म्हणेल. मी शिष्टाचार म्हणतो. धर्मभगिनींचे अतिथिगृह मात्र स्वच्छ, तळमजल्यावर, बागेसह आहे. दोष एकच, की संध्याकाळच्या घंटेबरोबर फाटक बंद होते.

दुपारी फोस्काला दूरध्वनी केला. यंत्र स्वयंपाकघरातच आहे. दोन्ही घरांची तुलना मी सविस्तर सांगितली: इकडे उजेड, तिकडे बाग, इकडे चूल, तिकडे तुल्लियोच्या गुडघ्याला विसावा. शेवटी म्हणालो, की माझा कौल धर्मभगिनींकडे झुकतो आहे. हे घर सोडावे असे वाटते.

बोलत असतानाच तांब्यावरचा उजेड गेला. आकाशात ढग नव्हता.

रिसीव्हर ठेवून वळलो, तर खिडकीजवळची खुर्ची, जी सकाळपासून रस्त्याकडे तोंड करून होती, ती माझ्याकडे वळलेली. मी बाहेर असताना बाई दुसऱ्या किल्लीने येऊन गेल्या असाव्यात आणि ते आत्ता माझ्या ध्यानात आले असावे. पाहुण्यांच्या सामानात हात घालणाऱ्या घरमालकिणींविषयी आमच्या पाद्र्यांनी मला सावध केलेच होते.

मंगळवार, २९ मार्च

आज आतून साखळी लावून, जपमाळ घेऊन स्वयंपाकघरातच बसलो. भोजनानंतरची वेळ. या वेळी येथे सारे शहर झडपा ओढून गप्प होते; कुत्रेही भुंकत नाही. बायबलातल्या स्तोत्रकर्त्याने रात्रीच्या भयाशेजारी भरदुपारच्या संकटालाही जागा का दिली, हे आज प्रथमच जाणवले.

आतल्या खोलीत कोणीतरी चादर झटकली.

तेथे कोणी नव्हते. परंतु ऑर्सोलाच्या खाटेवर नवी चादर होती, उशीवर लहान डोके मावेल एवढा खळगा होता, आणि तो खळगा उबदार होता. दारावरची साखळी जशीच्या तशी. माझा तर्क असा, की घराला मागून दुसरी वाट आहे आणि बाईंनी हेच घर आणखी कोणा कुटुंबालाही दिले आहे. भिंती ठोकून पाहिल्या. सापडले काही नाही. पण सापडले नाही म्हणजे नाही, असे होत नाही.

समोरच्या दारी राहणारे डॉन चिरो (डॉन म्हणजे इकडचे श्रीयुत) हे निवृत्त ट्रामचालक. जिन्यात खुर्ची टाकून शेंगा सोलत असतात. त्यांना विचारले. ते म्हणाले, प्रोफेसर, तुमच्याकडे घरांना कान नसतात वाटतं? थंडीनं गळून पडले असतील. मग शेंगांची परडी बाजूला ठेवून, आवाज उतरवून विचारले, आत काही बोललात का? निघण्याचं? दुसऱ्या घराचं?

मग त्यांनी जे सांगितले ते असे. नापोलीतल्या प्रत्येक घरात घरची एक सुंदरी असते. ती दुपारी, उन्हात, खिडकीशी बसते. तिच्याकडे टक लावून पाहिले, तर पाल होऊन भिंतीवर चढते. तिला मान दिला तर ती घर सांभाळते. पण तिच्या देखत घर सोडण्याचे बोलले, तर ती तो अपमान मानते आणि त्या कुटुंबातले एक माणूस ठेवून घेते. मागे एका पाहुण्याने टेबलाशी बसून याहून बऱ्या घरांच्या गप्पा मारल्या होत्या. ते कुटुंब जिना उतरले तेव्हा त्यांच्यात त्यांची म्हातारी नव्हती. ती वर, हिरव्या उशीवर, पायांत बूट घालून बसलेली सापडली, थंडगार.

मी म्हटले, डॉन चिरो, तुम्ही बाप्तिस्मा घेतलेले गृहस्थ आहात. ते म्हणाले, तीसुद्धा असेल, कुणी विचारलंय?

भाडेकरू हातचा जाऊ नये म्हणून मालकीण आणि शेजारी यांनी मिळून रचलेली ही कथा आहे. मला ती पटत नाही.

बुधवार, ३० मार्च

सकाळी चर्चमधल्या मिस्सेनंतर मनाचा निश्चय केला. मूर्तिपूजकांच्या कल्पनांना भ्यालो, तर आयुष्यभर मुलांना काय शिकवले? स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभा राहिलो. प्रथम लॅटिनमध्ये आणि मग आमच्या बोलीत, खणखणीत स्वरात सांगितले, की या घरावर देवावाचून कोणाचा अधिकार नाही, माझे कुटुंब येथे पाऊलही टाकणार नाही, आम्ही निघालो.

हिरव्या उशीवर आस्ते आस्ते दाब पडला, जसा कोणी बसल्यावर पडतो. मी पाहत राहिलो. तेव्हा उशी वर आली आणि खुर्चीच्या पाठीमागून एक पाल भिंतीवर चढली. तेथेच थांबली. डोके माझ्याकडे.

दुपारी फोस्काचा दूरध्वनी आला. हसत सांगत होती, की ऑर्सोला जेवणानंतर झोपली आणि उठून म्हणाली, खिडकीतल्या बाईंनी माझी खाट घातली आहे. बाबा, तुम्ही खाटेचं तिला कधी सांगितलंत?

मी सांगितले नव्हते. फोस्कालाही नव्हते.

पेटी भरली. दार उघडेना. पेटी खाली ठेवली, तर कडी सहज फिरली. पेटी उचलली, तर पुन्हा घट्ट. लाकूड फुगले असेल. दारावरची डहाळी कोळपून काळी पडली आहे. आशीर्वादित होऊन चार दिवससुद्धा झालेले नाहीत.

पवित्र गुरुवार

पेटी टाकून बाहेर पडलो. धर्मभगिनींकडे खोली सांगितली आणि तेथूनच फोस्काला दूरध्वनी लावला.

ऑर्सोला तापाने फणफणली आहे. काही खात नाही. खुर्ची खिडकीशी ओढून बसते आणि हलवू देत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. बाबा, ती मध्येच परक्या बोलीत बोलते, म्हणाली. काय बोलते, असे विचारले. फोस्काने ते शब्द जसेच्या तसे उच्चारून दाखवले.

ती नापोलीची बोली होती. नुन्झियाबाईंच्या तोंडची. माझ्या नातीने ती कधी ऐकलेली नाही. अर्थ असा: कोण निघालं?

धावत डॉन चिरोंकडे आलो. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. म्हणाले, जो बोलला त्यानंच आत जाऊन परत घ्यायचं. दुसऱ्या कुणाचं चालत नाही. नुन्झियाबाई जिन्यातच उभ्या होत्या. एप्रनच्या टोकाने डोळे टिपत म्हणाल्या, तोंडावर हात ठेवला होता ना मी तुमच्या? अजून काय करायला हवं होतं?

अजूनही वाटते, की ही दोघे नाटक करत आहेत. पण फोस्का नाटक करत नाही. आणि ऑर्सोला —

एकाच देवापुढे आयुष्यभर गुडघा टेकला. आता खुर्चीपुढे?

शुभ शुक्रवार

प्रथम स्तोत्रे म्हटली. सारी. पाल हलली नाही.

दुपारी, प्रभूने प्राण सोडला त्या घटकेला, फोस्काचा दूरध्वनी. ताप चढतो आहे. पोरीचे ओठ निळे —

मग मी ते केले. टेबलावर ताट मांडले. भाकर, मीठ, पाणी. मान लववली. म्हणालो, घर सुंदर आहे. बोललो ते परत घेतो. कोणी निघत नाही. मी राहतो — मुलीला सोड.

तांबे उजळले. एकदम, सगळे. घर उन्हाने भरले, आणि मला — मला बरे वाटले. हीच गोष्ट सर्वांत भयंकर.

फोस्काचा पुन्हा दूरध्वनी. रडत हसत होती. ताप उतरला! पोरीने सूप मागितले. म्हणते, आजोबांच्या घरीच जायचे, आत्ताच. बाबा, आम्ही संध्याकाळची गाडी धरतो —

नको, म्हणायचे होते. भिंतीवर पाल. नको म्हटले, तर ताप परत येईल. मी म्हणालो, बरं.

आता दार रिकाम्या हातांनीही उघडत नाही. मी राहतो म्हणालो होतो. मी एकटा, असे मात्र म्हणालो नव्हतो. कोणी निघत नाही, हे मीच बोललो. माझ्याच तोंडाने.

पवित्र शनिवार, सकाळ

दूरध्वनी मुका आहे. दार ठोकले. जिन्यात डॉन चिरोंची खुर्ची सरकल्याचा आवाज — मग त्यांचे दार बंद. त्यांना दोष देत नाही.

आतली खाट आज पुन्हा घातली आहे. चादरीची घडी कशी सुबक.

खिडकीखाली मोटार थांबली. फोस्काचा आवाज. तुल्लियो जिन्यावरून कुरकुरतो आहे. ऑर्सोला — हसते आहे.

बोलायचे नाही. पण लिहिता येते. त्या सुंदरीला ऐकू येते. वाचता येते असे कोणी म्हटलेले नाही. हे पान फाडून, जपमाळेत गुंडाळून खाली टाकतो.

फोस्का, वर येऊ नका. ऑर्सोलाला कडेवर घे आणि धर्मभगिनींकडे जा. मागे पाहू नका. या घरातून —

उजेड गेला.

कोणी काही बोलले नाही. मी तर फक्त —

माझे ओठ. ओठ हलत आहेत. आवाज माझाच. रविवारपासून — प्रत्येक शब्द — कागदाला घास —

पाल भिंतीवर नाही. उशी दबलेली.

जिन्यावर धावती पावले, लहान. ऑर्सोला, थांब —

कडी आपोआप फिरते आहे. दार उघडले. ती उंबरठ्यावर आहे, माझ्याकडे पाहत नाही, खुर्चीकडे पाहून मान लववते आहे, आणि त्या बोलीत म्हणते आहे, नमस्कार, मी आले, आता कोणी कुठेही —