काटा साठवर

१४ नोव्हें.
सासूबाईंची तेरवी झाली. पंगत उठते न उठते तोच सुनंदाताई (नणंद) ह्यांच्यावर घसरल्या. "साठनं कुठं जीप पलटी होते? उडवून राह्यला होता तू. माय खाल्ली." हे एवढंच बोलले, "काटा साठवरच होता, ताई. आईची शप्पथ." मेलेल्या आईची शप्पथ! ताई न जेवता दारव्ह्याला निघून गेल्या.

१७ नोव्हें.
हे खाटेवरून उठत नाहीत. पोलिसांनी सोडलेली जीप दारात, टप चेपलेला. ताट नेलं की एकच, "साठच होता न वं?" मी गाडीत नव्हते, घरी शिलाई मशीनवर होते. तरी माझा विश्वास आहे. पण तो ताईंपुढे कसा ठेवू?

१९ नोव्हें.
जीप झाडताना स्टेपनी दिसली. ती मूळची. बाकी चाकं दिवाळीआधी बदललेली, केवढी थोरली! शेताच्या वाटेवर गाडीचं पोट घासायचं म्हणून सासूबाईच ह्यांच्या मागे लागलेल्या, "उंच टायर टाक बापू." मीटर नुसते चाकाचे फेरे मोजतं. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात गाडी जास्त पळते, हे त्याला कोण सांगणार?
जेवले नाही.

२० नोव्हें.
जॅक लावून टायरभोवती शिवणाची टेप गुंडाळली. आकडा लिहिला, खोडला. ब्लाऊजचं माप कुणी हँगरवर घेतं का? टायर ओझ्यानं चपतो. भरल्या गाडीत, जमिनीवर लोटूनच मोजायला हवं. अक्कल उशिरा येते माझी.

२२ नोव्हें.
शेजारच्या गजूभाऊंनी मागच्या एका बाजूला स्टेपनी बसवली, दुसरीकडे मोठं चाक तसंच. हवा सारखी भरली. आत सोयाबीनची पोती. दोन्ही टायरांवर खडूची खूण. स्टीअरिंगवर कोण? "भाऊले उठवा न वहिनी." हे आपणहून आले, बसले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. रडूच आलं मला.
सरळ रस्त्यावर लोटली. पाच फेरे. स्टेपनीचे पावणेअकरा मीटर. मोठ्या चाकाचे बारा. दोनदा तपासलं.
म्हणजे काटा साठवर, गाडी सदुसष्टवर. हे खोटं बोलले नाहीत. आणि ताईही नाहीत.
"किती आलं वं?" गाडीतून ह्यांची हाक.
"थांबा, मोजून राह्यली."
मोजून झालं होतं.

२३ नोव्हें.
ह्यांनी आकडा पुन्हा विचारला नाही, साठच धरून चालले. दाढी केली. दोन भाकरी खाल्ल्या. सदुसष्ट सांगायचं तर टायर कुणाच्या हट्टानं आले तेही निघणार. मग हे आईला दोष देतील की स्वतःला? मला माहीत आहे. स्वतःलाच.
ताईंचा फोन आला, रविवारी येतात.
"येऊ दे," हे म्हणाले. किती दिवसांनी आवाज चढा. "आता तू सोता मोजलं न? तूच सांग तिले."
मी हो म्हटलं.