बेटामागच्या घरात कोण राहत होते

मी, या शहरातली जुनी वाटाडी, वय अडुसष्ट, हे माझ्याच हाताने, चष्मा लावून आणि डोके ठिकाणावर असताना लिहिते आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. उलट जो तो "एवढ्यात कशाला?" म्हणून अडवतोच आहे. माझे हृदय तेवढे ऐकायला तयार नाही. जिने चढायचे नाहीत असे डॉक्टरांनी बजावले आहे, आणि माझा सगळा धंदा तर जिन्यांवरच चालला. तेव्हा माझ्यामागे माझ्या घराचे, वस्तूंचे आणि रागांचे काय करायचे ते मी आताच ठरवते. यापूर्वी असे काही मी लिहून ठेवलेले नाही. कोणी काढून दाखवलेच तर ते खोटे समजावे.

वकीलबाई म्हणाल्या, मालमत्तेआधी व्यवसाय लिहा. लिहिते. शहर पहिल्यांदा बघायला आलेल्यांना मी कधीच घेतले नाही. त्यांना मोठा चौक, मोठा पूल आणि संग्रहालय पुरते, आणि तिथे बोट दाखवायला माणसे पैशाला पासरी मिळतात. माझ्याकडे यायचे ते परत आलेले. परत येणाऱ्याला बघायचे थोडे असते, शोधायचे फार असते. एकदा एक विधुर मोजणीदार आला. पहिल्या खेपेला बायकोबरोबर सगळे शहर पाहून गेलेला. म्हणाला, "बाई, ती जिथे माझ्याबरोबर आली नव्हती अशी एखादी जागा दाखवा. बाकी सगळीकडे तीच दिसते." त्याला मी बस आगाराच्या मागच्या बागेत नेले. चालकांनी फुटक्या टायरांत माती भरून लावलेली बाग आहे ती. तो तिथे बसला तो बसलाच. हातातल्या चहावर साय धरली तरी उठेना. अशा गिऱ्हाइकांमुळे मला लोक "दुसऱ्या खेपेची बाई" म्हणू लागले. माझे खरे नाव पोस्टमनलाही सांगावे लागते.

नवरा नावाडी होता. शहर मी दाखवायची, समोरचे बेट तो. पाण्यावर तो बोलायचा, जमिनीवर मी, आणि घरी आल्यावर कोणीच कोणाला बोलू द्यायचे नाही. तो गेला त्याला आता बरीच वर्षे झाली. आम्हाला एकच मुलगा.

कलम पहिले. माझा धंदा मी माझ्या भाचीला देते. म्हणजे घडीची स्टुले, मोठी छत्री आणि दारावरची पाटी. बूट देत नाही. तिचा पाय माझ्याहून मोठा आहे, आणि या धंद्यात ते चांगलेच. पुस्तक बांधणीवाल्यांचे तळघर, वाद्ये दुरुस्त करणाऱ्याची माडी, रंगाऱ्यांची गच्ची आणि आगारामागची बाग या जागा माझ्या नाहीत, त्यामुळे त्या कोणाच्या नावावर करता येत नाहीत असे वकीलबाई सांगतात. ते मलाही कळते. पण तिथल्या माणसांनी मला आत येऊ दिले, तो विश्वास मी तिच्या हवाली करते. अगं भाची, एका टेबलाशी मावतील तेवढीच माणसे ने. माडीवर वाद्य लावणे चालू असेल तर दारात थांब, हाक मारू नको. गच्चीवर ओल्या कापडाखालून जाताना आधी गिऱ्हाइकाच्या कपड्यांकडे बघ, मग आभाळाकडे. आणि कोणी म्हणाले, "ही जागा फोनवर टाकू का?" तर आधी घरमालकाला विचारायला लाव. न विचारता टाकली की काय होते ते खाली तिसऱ्या कलमात आहे.

कलम दुसरे. माझ्या धाकट्या दिराला मी काहीही ठेवत नाही. मात्र नवरा गेल्यावर "वहिनी, आता ओरडून गिऱ्हाईक जमवायची सवय करा," असे म्हणून त्याने मला एक भोंगा भेट दिला होता. तो मी वापरला नाही. खोक्यासकट माळ्यावर आहे. तो त्याचा त्याला परत करावा, म्हणजे वहिनीने वाऱ्यावर सोडले असे त्याला चारचौघांत म्हणता येणार नाही.

कलम तिसरे. बेटाच्या मागच्या अंगाला एक दगडी घर होते. ते माझे नव्हते, म्हणून मला ते कोणाला देता येत नाही. पण पुढची दोन्ही कलमे त्या घरातून निघाली आहेत, म्हणून ते इथे येणे भाग आहे.

त्या घरात जाळेवाली राहायची. आईबापांपासून तिथेच. कोळ्यांची फाटलेली जाळी ती विणून द्यायची, आणि अंगणात खांबांवर जाळी अशी टांगलेली असत की समुद्र सगळा चौकोनाचौकोनांत दिसे. अंगणाखाली खडकाची चीर आहे. भरतीला ती पाण्याखाली जाते, ओहोटी लागली की उघडी पडते, आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचा झरा वाहताना दिसतो. परत आलेल्या माणसांना मी शेवटी तिथे न्यायची. ओहोटीची वाट बघत सगळे अंगणात बसत. जाळेवाली प्रत्येकाच्या हातात जाळ्याचे एकेक टोक देई. "रिकाम्या हातानं बसायचं नाही माझ्या दारात. धरा ताणून." मोठमोठे अधिकारी मुकाट्याने टोक धरून बसलेले मी पाहिले आहेत.

माझा मुलगा लहानपणी बापाबरोबर नावेत यायचा आणि त्याला नाव लागायची. नावाड्याचा पोर आणि पोटात ढवळते, म्हणून सगळे हसत. जाळेवाली हसली नाही. ती त्याला सावलीत निजवायची, डोक्यावर ओले फडके ठेवायची, आणि बरे वाटले की गाठी शिकवायची. तो तिला मावशी म्हणायचा. माझ्या सख्ख्या बहिणीला तो "अहो मावशी" म्हणतो. हिला नुसते "ए मावशी".

नवऱ्यामागे मुलगा दिराच्या नोकरीत गेला. दिराची बोट दोन मजली. एकदा दीर हौसेने आमच्याबरोबर झरा बघायला आला, आणि पुढच्याच मोसमात "कोणी न पाहिलेले बेट" म्हणून त्याने तिकिटे लावली. कोणी न पाहिलेले बघायला शेकड्यांनी माणसे उतरू लागली. त्यांनी जाळ्यांना लोंबकळून फोटो काढले. झऱ्यात पाय धुतले. जाळेवाली दाराशी उभी राहून म्हणायची, "विचारून तरी या रे!" मग भोंग्यातून कोणीतरी तिची माहिती सांगायचे, जणू तीही तिकिटातच आली होती.

त्यातच तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन निघाले. मी तिला शहरात माझ्याकडे आणले. पुढच्या खोलीत, खिडकीखाली खाट घातली. डोळ्यावर हिरवी पट्टी. मुलगा तेव्हा याच घरात राहत होता. कामावर जाताना तिच्या खाटेला वळसा घालूनच त्याला दार गाठावे लागे. "ए मावशी, पट्टीला हात लावू नकोस हं," असे रोज सांगून जायचा.

बेटाच्या कचेरीला त्या जागी कठडा आणि बसायचा ओटा बांधायचा होता. ही कल्पना कोणाची ते सांगायची गरज नाही. घर वापरात आहे की ओस, एवढेच ठरवायचे होते. नोटीस त्यांनी त्या घराच्या दारावर चिकटवली, म्हणजे जिथे ती त्या वेळी नव्हतीच तिथे. सुनावणीला मुलाला बोलावले, रोज बोट नेणारा म्हणून. विचारले, "त्या घरात कोणी राहतं का?"

तो म्हणाला, "माझ्या पाहण्यात तिथे कोणी राहत नाही."

संध्याकाळी तो घरी आला, तिच्या खाटेला वळसा घालून आत गेला आणि जेवला. आम्हाला कळले ते घर पाडल्यावर. भाची बेटावर गेली होती, ती कचेरीत मुलाची साक्ष ऐकून रडतच परत आली. मी मुलाला विचारले, "तू असं बोललास?"

"आई, मी खोटं कुठे बोललो? त्या महिन्यात तिथे कोणी नव्हतंच."

"कुठे होती ती?"

 जाळेवाली खाटेवर बसून सगळे ऐकत होती. ती फक्त म्हणाली, "समुद्रानं नेलं असतं तर मी समुद्राला चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. आता मी कोणाला देऊ? ह्याला? ह्याला मी गाठी शिकवल्यात."

आठवड्याच्या आत मुलाने दुसरीकडे खोली घेतली. नंतर त्याने दिराची नोकरीही सोडली. का, ते मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. औषधे आणून देतो, आणि उंबऱ्याबाहेरूनच जातो. आम्ही कचेरीत अर्ज केले, खेटे घातले. पाडलेले घर कागदावर उभे करता येत नाही, हे ऐकून परत आलो. आता झऱ्यावर कठडा आहे. झरा कठड्यावरून दिसतो. त्यात हात घालता येत नाही.

कलम चौथे. मी राहते ते हे घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा सज्जा, मी जाळेवालीला देते. वकीलबाईंनी सुचवले होते की तिला हयातभर राहण्याचा हक्क द्यावा आणि मालकी मुलाकडे ठेवावी. सल्ला शहाणपणाचा असेल, पण मला तो नको. ती राहते की राहत नाही, हा प्रश्न पुन्हा कोणी कोणाला विचारायचा नाही. ती मालकीण म्हणून राहील, बाहेरगावी गेली तरी मालकीणच राहील. खिडकीच्या गजांना तिने जाळी टांगली आहेत, त्यामुळे उजेड कमी येतो अशी वरच्या मजल्यावरच्या मास्तरणीची तक्रार आहे. उजेड आमचा कमी होतो, त्यांचा नाही. जाळी तशीच राहतील.

हे कलम तिला वाचून दाखवले तेव्हा ती खूश झाली नाही. "माझं होतं ते मिळत नाही, म्हणून तुझं घेऊ?" म्हणाली. मी म्हटले, "घे. मला दुसरं काही सुचत नाही." तेव्हा तिने मान हलवली. तिला होकार समजून मी हे लिहिले आहे.

कलम पाचवे. नवऱ्याची नाव, वल्ही, नांगर आणि ताडपत्रीसह, मी मुलाला देते.

याला आधी मी एक अट जोडली होती: त्याने जाळेवालीसमोर बसून, सुनावणीत काय बोलला ते स्वतःच्या तोंडाने सांगावे, तरच नाव मिळेल. जाळेवालीने ती अट ऐकली आणि हातातली सुई खाली ठेवली. "खोड ते. नावेसाठी आलेला पोर मला नको. यायचं तर येईल, नाही तर नको येऊ दे." म्हणून मी अट खोडली. इथपर्यंतचा मजकूर काल पूर्ण झाला.

आज सह्या करायला सगळे जमलो, आणि जे घडले त्यामुळे पाचवे कलम बदलावे लागते आहे. तेही मी क्रमाने लिहिते.

साक्षीला कोपऱ्यावरचा औषधवाला आला. दुसरी साक्ष मास्तरणीची ठरली होती. तिने खाली निरोप धाडला की जाळी उतरवल्याशिवाय ती येणार नाही. भाचीला काही मिळते आहे म्हणून तिची साक्ष चालत नाही. वकीलबाई घड्याळाकडे बघू लागल्या. मुलगा माझी औषधे घेऊन आला होता. नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर उभा.

म्हणाला, "मी करू का सही?"

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाव मिळते आहे. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते. दिलीत तर तुमचा वाटा जाईल."

तो जरा वेळ पिशवी या हातातून त्या हातात करत राहिला. मग म्हणाला, "मग नाव काढून टाका."

"काय काढू? तुमचं नाव की वडिलांची नाव?"

"दोन्ही."

मी म्हटले, "बापाची आहे रे ती." तो म्हणाला, "माहीत आहे, आई." त्याचा आवाज लहानपणी नाव लागायची तेव्हाचा झाला होता.

जाळेवालीला आता लांबचे नीट दिसत नाही. तिने विचारले, "कोण करतंय सही?"

"मी, मावशी."

तिने मांडीवरचे जाळे बाजूला सारले. मग म्हणाली, "आधी आत ये. वाच मोठ्यानं. न वाचता सही करायची नाही."

तो आत आला. खाटेच्या कडेला बसून त्याने कालपर्यंत लिहिलेला हा सगळा कागद वाचला. तिसऱ्या कलमात तो दोनदा थांबला. पाणी कोणी दिले नाही, त्यानेही मागितले नाही. वाचून झाल्यावर जाळेवाली म्हणाली, "माफ केलंय असं समजू नकोस." तो म्हणाला, "नाही समजत." त्याला काय वाटत होते ते मला सांगता येणार नाही. त्याने हे मनापासून केले, की नाव सोडून देणे तिच्याकडे बघण्यापेक्षा सोपे वाटले म्हणून केले, हेही मला ठाऊक नाही. आई आहे, म्हणून चांगलेच समजावे असे वाटते. आणि सुनावणीचे वाक्य आठवले की पुन्हा घाबरते.

म्हणून पाचवे कलम असे: नाव, वल्ही, नांगर आणि ताडपत्री भाचीला. मुलाला मी काहीही देत नाही. हे रागाने केलेले नाही, हे कोणीही वाचणाऱ्याने लक्षात घ्यावे.

एवढे झाल्यावर माझ्या मागे कोणी भांडू नये. भांडायचे असेल तर माझ्या जिवंतपणी या, मी घरीच असते.

ठिकाण: याच घराची पुढची खोली.
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे ती.
सही: दुसऱ्या खेपेची बाई. कायद्यातले नाव खाली अंगठ्यासह.

आम्ही, खाली सह्या करणारे, या बाईंना आमच्यादेखत सही करताना पाहिले. त्या शुद्धीवर होत्या आणि आम्हाला दोनदा ओरडल्या.

साक्षीदार पहिला: औषधवाला, कोपऱ्यावरचे दुकान.

साक्षीदार दुसरा: मुलगा, नावाडी. मी वरचा मजकूर वाचून सही करतो आहे. या घरात जाळेवाली राहते. बेटामागच्या घरातही तीच राहत होती. मी पाहिले आहे.