राणी रंगाची पिशवी मीच निवडली

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या धाकट्या भाच्याचा वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकून, प्रत्यक्षात कंबर धरली आहे. का धरली, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? शिवताना कुरकुरतो तो गुडघा की मशीनचं पायडल, हे मागच्या वेळी ठरलं नव्हतं, तेवढं कळव. काकांचा खोकला बरा असेल अशी आशा करतो, कारण हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं आहे आणि मध्येच खोकून त्यांनी एकही वाक्य चुकवलेलं मला चालणार नाही. चार माणसं जमली की माझ्यावरून पहिला विनोद काकाच करतात. याच्यापुढे दोन बिस्किटं ठेवली तर आधी कुठलं खावं या विचारात याचा चहा गार होतो, म्हणे. बूट घ्यायला गेलो आणि दुकानदाराने शटर अर्धं ओढलं तरी माझं ठरेना, शेवटी जुन्याच चपला घालून घरी आलो, हेही ते दर वेळी सांगतात आणि दर वेळी शटर थोडं आणखी खाली आणतात. तर त्यांना म्हणावं, कान देऊन ऐका. तुमच्या भाच्याने अख्ख्या साइटसाठी निवड केली आणि ती एकमताने मान्य झाली.

माझं काम तुला ठाऊक आहेच, पण काका विसरले असतील. इमारत वर चढते आहे आणि तिच्याबरोबर चढणाऱ्या माणसांनी हेल्मेट, हातमोजे, गॉगल आणि सुरक्षा पट्टा (अंगाला बांधून त्याचं टोक पक्क्या खांबाला अडकवायचं, म्हणजे पाय घसरला तरी माणूस लटकतो, पडत नाही) हे सगळं घातलंय की नाही, ते मी बघतो. अडचण अशी, की हे सामान फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत आणि माणसं वर आभाळात. गॉगल राहिला म्हणून इतके जिने उतरून खाली कोण येणार? मग वेल्डर एक डोळा मिटून काम करतो, प्लंबरच्या हेल्मेटात खिळे असतात आणि आमचा मुकादम तर स्वतःच्या हेल्मेटवर बसतो. (डोक्याचं नाही तर नाही, दुसऱ्या टोकाचं तरी संरक्षण होतं.)

यावर मोठ्या साहेबांनी तोडगा काढला. प्रत्येकाला पाठीवरची एक पिशवी द्यायची, सगळं सामान तिच्यात, आणि पिशवी अशी भडक की माणूस कुठेही असला तरी लांबून दिसावा. निवड माझ्याकडे आली. सोबत दमही आला, की महिनाअखेरपर्यंत ठरलं नाही तर मी परत सिमेंटच्या गोदामात. मावशी, गोदामात मी पुष्कळ दिवस काढले. पोती चांगली असतात, उलट बोलत नाहीत. पण इथे कुणी पट्टा न बांधता कठड्यावर उभा दिसला की मी हातातलं टाकून धावतो, आणि त्याला हाका मारून, शिव्या खाऊन खाली आणला की त्या दिवशी जेवण गोड लागतं. मला हे काम सोडायचं नव्हतं. शिवाय तुझ्या सुनेने अख्ख्या चाळीला मी ऑफिसर झाल्याचं सांगून ठेवलंय.

दुकानदारांकडून तीन नमुने आले. एक नारिंगी, एक पोपटी आणि एक दोन्ही रंगांची, जिला धड कुठला रंग ठरवता आला नव्हता. (तिच्याबद्दल मला आपुलकी वाटली.) मुकादम म्हणाला, गोणपाट काय वाईट आहे? मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि तिन्ही पिशव्या स्वतः सामान भरून वापरून बघायचं ठरवलं. नारिंगीची चेन हातमोजे घालून धरता येईना. हातमोजे काढले तेव्हा चेन उघडली, पण तोवर हातमोजे कुठे ठेवले ते आठवेना. पोपटीला आत कप्पाच नाही, नुसता खोल आड. पट्टा तळाशी गेलेला, म्हणून बाकीचं बाहेर काढून फळीवर मांडलं, तर गॉगल घरंगळला आणि खालच्या ओल्या काँक्रीटमध्ये पडला. तो आता इमारतीचा भाग आहे. तिसरीची गंमत वेगळीच. सुरक्षा पट्ट्याची कडी असते पाठीवर आणि पिशवीही पाठीवरच. ती कडी बरगड्यांत रुतली म्हणून मी वळलो, तर पिशवीचा बंद जिन्याजवळच्या पाइपात अडकला, पाय पायरीवरून सुटला आणि मी लटकलो. पाय जमिनीपासून जेमतेम वीतभर वर होते, पण लटकणं ते लटकणंच. वेल्डर आणि प्लंबर यांनी मिळून मला काढलं, आधी पोट धरून हसले आणि मग काढलं. कंबर तेव्हाची.

तरीही मी हरलो नाही. म्हटलं, निदान दिसते कुठली ते तरी ठरवू. आमच्या क्रेनवाल्याला सगळे घार म्हणतात, कारण दिवसभर वरच्या केबिनमध्ये बसून तो खालचं टिपत असतो. तिन्ही पिशव्या आवारात मांडल्या, साहेबांना बोलावलं, शेजारी मुकादम कमरेवर हात ठेवून उभा, आणि मी वायरलेसवरून रुबाबात विचारलं, की घार, पिशव्या दिसतायत का?  वरून आवाज आला, "अजून मांडल्या नाहीत का?"

मावशी, माझ्या पायाखालची वाळू सरकली. कारण तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की आमची जाळी नारिंगी, रस्त्यावरचे शंकू नारिंगी, अडथळ्यांचे कठडे नारिंगी आणि माणसांची जाकिटं झाडून सगळी पोपटी. सगळ्यात उठून दिसणारा रंग म्हणून सगळ्यांनी तोच घेतला, मग त्यात उठून दिसणार कोण? मीसुद्धा खाली उभा राहून नारिंगी पिशवी कुठे ठेवली ते शोधत होतो. तेवढ्यात घार म्हणाला, पत्र्याच्या खोलीपाशी एक राणी रंगाची झकास दिसतेय, तीच ना?

ती माझी डब्याची पिशवी होती. तूच शिवलेली, गच्चीवरच्या कापडी छताच्या उरलेल्या तुकड्याची, काकांच्या गाडीच्या पडद्याच्या चकाकत्या पट्ट्या लावलेली. (हा कंस काकांना वाचू नकोस, ते अजून तो पडदा शोधत असतील.) मी क्षणाचाही विलंब न लावता साहेबांना सांगितलं, की हा चौथा नमुना, तुलनेसाठी मुद्दाम कुणाला न सांगता ठेवला होता. साहेबांनी मान हलवली, पण म्हणाले, बांधकामावर राणी रंग बरा दिसत नाही, नारिंगी घ्या आणि संपवा. मुकादम तर दिवसभर हसत होता.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीनंतर माझी पिशवी गायब. मी डबा खाऊन ती खिळ्याला अडकवली होती. सगळीकडे शोधतोय, तेवढ्यात वर भोंगा वाजला आणि क्रेन जागच्या जागी थांबली. सळयांचा भारा हवेत झुलतोय आणि घार वायरलेसवर ओरडतोय, की प्लायवूडच्या थप्पीमागे काहीतरी राणी रंगाचं आहे, बघा. आम्ही धावलो. थप्पीमागे, भारा उतरायचा अगदी त्याच जागी, मुकादम आडवा झोपला होता. अंगात पोपटी जाकीट, भोवती पोपटी ताडपत्री, आणि उशाला माझी पिशवी. गोणपाट टोचतं म्हणून नेली होती, म्हणे.

मावशी, त्याने वर झुलणारा भारा बघितला आणि पिशवी छातीशी धरली. मी त्याला दंडाला धरून थप्पीच्या अलीकडे ओढलं. आम्ही दोघं तिथेच थप्पीला टेकून बसलो. त्याला तीन मुली आहेत हे मला तेव्हा कळलं. साहेब आले, वर बघितलं, खाली बघितलं, पिशवी हातात घेतली. तुझी बोटं दुखतात म्हणून तू चेनऐवजी दोरीचा फास आणि लाकडाचं मोठं बटण लावलंस, ते त्यांनी हातमोजे घालून एका झटक्यात उघडलं. डबा, बाटली, चष्मा यांचे वेगवेगळे कप्पे बघितले आणि म्हणाले, हीच. सगळ्यांना हीच. आता वेल्डरपासून प्लंबरपर्यंत सगळे राणी रंगाच्या नमुन्यासाठी हटून बसलेत, आणि माझं काम कायम झालं. तसा कागदही हातात आला. काकांना हे वाक्य दोनदा वाचून दाखव.

तुझ्या सुनेचा नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
निवड समितीचा एकमेव सदस्य

ता. क. साहेबांनी विचारलं, पिशवी कुठल्या कारखान्याची? मी म्हणालो, जुना, नावाजलेला, घरगुती पद्धतीचा कारखाना आहे. ते पुढच्या रविवारी तो बघायला येताहेत. तेव्हा मशीनवरचे वाळत घातलेले कपडे तेवढे काढ आणि काकांना दारात खुर्ची टाकून मॅनेजर म्हणून बसव. खोकला आला तरी चालेल, मॅनेजर खोकतात.

ता. क. काकांच्या गाडीचा मागचा पडदा अजून शाबूत आहे ना?

ता. क. मुकादम माझी पिशवी परत द्यायला तयार नाही. रोज ती पाठीवर घेतो, पट्टा बांधतो, मग वर जातो. मागायचं मला धाडस होत नाही, आणि खरं सांगायचं तर मागावंसंही वाटत नाही. तेव्हा डब्यासाठी मला दुसरी शिव. रंग मात्र तूच ठरव. निळा की हिरवा यात मी परवापासून अडकलोय आणि हा चहाही गार झाला.